जिनिव्हाचं मशीन आणि आमची कोयना

लांबलचक पोस्ट आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचं मशीन, त्यात कृष्णविवर तयार होणार आणि पृथ्वी आतल्या आत गिळली जाणार. मागे ढॅणढॅण संगीत. मध्येच सर्नच्या (ते मशीन चालवणाऱ्या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या) आवारातली नटराजाची मूर्ती, "बघा, प्रलयाचा देव बसवलाय" म्हणून. (ती मूर्ती 2004 मध्ये भारतानेच भेट दिलेली आहे. पण हे सांगितलं की व्हिडिओतली मजा जाते.) खाली उत्तरं दोनच प्रकारची. एक, हात जोडलेले इमोजी. दुसरं, आमच्या पुण्यातल्या इंजिनिअर भावाचं: "अडाणीपणा बंद करा."

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. मला चीड येते ती या दुसऱ्या उत्तराची.

कारण घाबरून फोन कुणी केला होता? माझ्या आत्तीने. आत्ती पाटण तालुक्यातली, कोयनाकाठची. "आगं, ते मशीन लय खोल हाय म्हणत्यात. खालनं काय उठलं तर?" हा प्रश्न तिच्या तोंडी अडाणीपणाचा नाही. 1962 च्या सुमारास शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठायला लागलं, तसे लहान लहान धक्के सुरू झाले. जमिनीतून गडगड ऐकू यायची, फडताळातली भांडी वाजायची. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर बसलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आत्ती तेव्हा शाळकरी पोर. त्यानंतर कित्येक रात्री सगळं घर अंगणात गोधड्या टाकून झोपायचं, हे तिच्याकडून मी शंभरदा ऐकलंय. धरणाच्या पाण्याने भूकंप चेतवला जाऊ शकतो, हे आज भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कोयनेचंच उदाहरण देऊन शिकवतात. तर ज्या बाईने माणसाने बांधलेल्या एका मोठ्या गोष्टीखाली जमीन हललेली बघितली आहे, तिला "गप बस, तुला कळत नाही" म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा.

घाबरणं वेगळं आणि हिशेब वेगळा, एवढंच. मग हिशेब बघू.

एलएचसीमध्ये, म्हणजे त्या मशीनमध्ये, प्रोटॉनवर प्रोटॉन (अणूच्या गाभ्यातले कण) आपटतात. 2022 पासून एका टकरीची ऊर्जा 13.6 टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट. आकडा भयंकर वाटतो, पण उडणाऱ्या एका डासाची ऊर्जा साधारण 1 टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे डझनभर डास. फरक इतकाच की ती सगळी ऊर्जा प्रोटॉनहूनही लहान जागेत कोंबलेली असते. प्रश्न खरा तिथेच आहे: इतक्या छोट्या जागेत इतकी ऊर्जा, असं याआधी कधी झालंय का?

झालंय, आणि रोज होतंय. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आपटतात, आणि त्यातल्या काहींच्या टकरी एलएचसीपेक्षा जबरदस्त असतात. 1991 मध्ये अमेरिकेत युटामध्ये नोंदला गेलेला एक कण असा होता की त्याच्या टकरीची ऊर्जा एलएचसीच्या टकरीच्या पन्नासेक पट भरते. सर्नच्या सुरक्षा समितीने 2008 मध्ये हिशेब मांडला: पृथ्वी जन्मल्यापासून निसर्गाने तिच्यावर असे किमान लाखभर एलएचसी चालवून झालेत. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाता ना, तिथेही वरून ही झोड सुरूच असते.

वर्गात एका मुलीने यावर फार चांगली शंका काढली. "मॅडम, वरून आलेला कण सुसाट असतो. त्याच्या टकरीतून काही घातक तयार झालं तरी ते पृथ्वीतून आरपार निघून जाईल. मशीनमध्ये दोन कण समोरासमोर आदळतात, तिथे तयार झालेलं हळू असेल आणि इथेच राहील." बरोबर! हाच मुद्दा टीकाकारांनीही मांडला होता, आणि शास्त्रज्ञांनी तो झटकून टाकला नाही. उत्तर त्यांनी आकाशात शोधलं. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे (जळण संपून आक्रसलेले तारे) इतके दाट असतात की असलं काही त्यांच्यात घुसलं तर ते आरपार जाणार नाही, अडकूनच पडेल. त्यांच्यावरही वैश्विक किरणांचा मारा अब्जावधी वर्षं चालू आहे. धोका खरा असता तर ते तारे कधीच संपले असते. ते आहेत, दुर्बिणीतून दिसतात. मुलीचं समाधान झालं. माझं तर फारच झालं.

कोयनेचं तसं नव्हतं. त्या खडकावर एवढं पाणी निसर्गाने आधी कधी उभं करून बघितलेलं नव्हतं, आणि लहान धक्के तर येतच होते.

एलएचसीत मोडतोड झालीच नाही असं नाही. 10 सप्टेंबर 2008 ला मशीन सुरू झालं आणि नऊ दिवसांत बंद पडलं. दोन चुंबकांमधला एक विजेचा जोड खराब निघाला, ठिणगी उडाली, उणे 271 अंशांवरचं काही टन हेलियम बोगद्यात सुटलं, पन्नासेक चुंबकं दुरुस्त करावी लागली, वर्षभर काम ठप्प. कुणाला इजा झाली नाही. जग गिळणारं मशीन एका सांध्याने आडवं पडलं! (त्या चुंबकांखालचे हजारो जॅक आपल्या देशातून गेलेत. हे आपलं उगाच सांगितलं.)

मशीन सुरू झालं त्या आठवड्यात आपल्याकडची हिंदी चॅनेलं काय करत होती, आठवतंय? उलटी गिनती लावली होती. मध्य प्रदेशात एका सोळा वर्षांच्या मुलीने जीव दिला, आणि टीव्हीवरचं ते बघून पोर घाबरली होती असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. माझ्या लेखी त्या मशीनने घेतलेला बळी कुठला असेल तर तो हा, आणि तो मशीनने घेतलेला नाही.

आता शास्त्रज्ञांच्या वाट्याचं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो (सगळ्यातून आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) टिपणारी वेधशाळा व्हायची होती. 50 हजार टन लोखंडाचा शोधक, दोन किलोमीटरचा बोगदा. "न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग होईल" ही भीती साफ चुकीची होती. सूर्याकडून आलेले अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखातून जातात आणि नखाला पत्ता लागत नाही. पण बोगद्यासाठीचे सुरुंग, धूळ, पाण्याचे झरे, जवळचं अभयारण्य हे प्रश्न चुकीचे नव्हते. दोन्ही एकाच पोत्यात भरले गेले. प्रकरण हरित लवादात गेलं, सुप्रीम कोर्टात गेलं, आणि काम रखडलं ते रखडलंच. वातावरणातले न्यूट्रिनो जगात सर्वांत आधी ज्यांनी पकडले, त्यांत 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत बसलेले आपले लोक होते. त्या देशाची ही गत. पहिल्या दिवसापासून गावात बसून, सुरुंगाचा प्रश्न सुरुंगाचा म्हणून घेतला असता तर? मला वाटतं, निदान बोलणं तरी सुरू राहिलं असतं.

आत्तीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. डासाचं तिला पटलं. ताऱ्यांचं "असंल बाई" म्हणून सोडून दिलं. मग विचारलं, "बरं, पर त्यातनं वीज किती निघती?"

निघत नाही गं, लागते, म्हटलं. सर्नला भर हंगामात 200 मेगावॅटच्या आसपास लागते, म्हणजे आपल्या कोयनेच्या 1,960 मेगावॅटचा दहावा हिस्सा. 2022 मध्ये युरोपात विजेची ओढाताण झाली तेव्हा मशीन दोन आठवडे आधी बंद करावं लागलं होतं.

"मंग त्याचा फायदा कुणाला? आमच्या जमिनी धरणात गेल्या, वीज मुंबईला गेली. तिथं कुणाचं काय गेलं?"

कृष्णविवरापेक्षा हा प्रश्न शंभर पटीने चांगला आहे. माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. इंजिनिअर भावाला ग्रुपवर तोच टाकलाय, बघू काय म्हणतो.