‘एकदम तीन ठेवा, खर्च वाचेल’: त्या फॉरवर्डविषयी खुलासा

आमच्या परळच्या सोसायटीतल्या महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक मेसेज फिरला: ‘आयव्हीएफमध्ये गोठवलेले गर्भ शिळे होतात. डॉक्टर बिल वाढवायला ते गोठवतात. दोन-तीन एकदमच ठेवायला सांगा, जुळं झालं तर एका खर्चात दोन!’ आयव्हीएफ म्हणजे अंडी शरीराबाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांचं फलन करून तयार झालेला इवलासा गर्भ गर्भाशयात सोडणं.

‘शिळे’ हा शब्द फ्रिजमधल्या भाजीला ठीक. गर्भ उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथे पेशींचं कामकाज जवळजवळ थांबतं. वितळवताना एखादा दगावतो, हे खरं. पण आताच्या झटपट गोठवण्याच्या पद्धतीत बहुतेक टिकतात. अशा उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने साठवणुकीला १० वर्षांची मर्यादाही घातली आहे. साठवणुकीचे पैसे लागतात, ते आधीच विचारून घ्या.

आता ‘एका खर्चात दोन’. जुळ्या-तिळ्यांत बाळं वेळेआधी, कमी वजनाची जन्मण्याचा धोका बराच वाढतो. आईला रक्तदाब आणि मधुमेहाचाही. बाळांना एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं, की वाचलेला खर्च कुठे जातो ते मुंबईकरांना सांगायला नको. म्हणूनच शक्य तिथे एकच गर्भ गर्भाशयात सोडतात, उरलेले पुढच्या प्रयत्नासाठी गोठवतात. त्यामुळे पुन्हा अंडी काढणं टळतं. म्हणजे जुळी टळतात ती एकच सोडल्याने, नुसत्या गोठवण्याने नव्हे. आणि एकाच गर्भाचे दोन होऊन क्वचित जुळं होतंच.

इथूनच हाकेच्या अंतरावर, केईएम रुग्णालयात, १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बाळ, म्हणजे आयव्हीएफने झालेलं बाळ, जन्मलं. तेव्हाही अशाच अफवा असणार.