ढकलून दिलं की येतं पोहायला?

"आम्हाला तर काकांनी सरळ विहिरीत ढकललं होतं, दोन दिवसांत पोहायला लागलो!" मे महिना आला की अशा पोस्टी सुरू होतात. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मलाही ढकललं होतं. सातारा जिल्ह्यातलं गाव, मोटेची जुनी विहीर, पाठीला सुका भोपळा, वय आठ. भोपळा निसटला. नाकातोंडात पाणी गेलं आणि वरून सगळे हसत होते, एवढंच आठवतं. बाहेर काढलं, तेव्हाही हसतच होते.

त्यानंतर तीस वर्षं नदीवर, धरणावर सगळ्यांचे कपडे सांभाळायचं काम माझ्याकडे. ढकलून शिकलेले किस्से सांगतात, माझ्यासारख्या गप्प बसतात. म्हणून ही पद्धत शंभर टक्के यशस्वी वाटते.

आणि लग्न होऊन गेले कुठे, तर अलिबागला! समोर कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येतं म्हणे. मी म्हणे, मधेच पाणी आलं तर? सासूबाईंनी कॅलेंडर काढलं. "आज चतुर्थी ना? तिथीला पाऊणनं गुण. चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. साडेआठला निघायचं, दहाच्या आत परत."

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शाळेत घोकली होती, ती समुद्राला लागू पडते हे तेव्हा कळलं. पाणी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. ज्याची वेळ सांगता येते त्याला किती घाबरायचं? विहिरीच्या काठावर मला कुणी साधं 'पाणी किती खोल आहे' हेही सांगितलं नव्हतं.

अडतिसाव्या वर्षी तलावावर शिकवणी लावली. पहिले आठ दिवस नुसतं पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढणं. शेजारी पाच वर्षांची पोरं, लाज वाटायची. पण हात कुणी सोडला नाही. पुढच्या हिवाळ्यात समुद्रात उताणी पडले. खारं पाणी अंगाला वर उचलून धरतं. कान पाण्याखाली गेले की किनाऱ्यावरची घोडागाडी, भेळवाला, सगळं बंद. आता रविवारी गेले नाही तर चुकल्यासारखं होतं.

पावसाळ्यात मात्र नाही, हे आधीच सांगते. १ जून ते ३१ जुलै कोळी होड्या वर ओढून ठेवतात आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे नेमके तेव्हा, तेही भरतीला, गाडीसकट वाळूत उतरतात. पाण्याची भीती जाणं वेगळं, अक्कल जाणं वेगळं.

परवा पुतणीला घेऊन किल्ल्यात गेले. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी समुद्र असताना. ती वाकून बघायला लागली. मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. स्वतः काही वाकून बघितलं नाही. समुद्राशी जमलंय माझं, विहिरीशी अजून नाही.