खळ्यातली होडी

आमच्या देवबागच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आहे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, माणसे आणि अलीकडे पर्यटक राहतात. कुठल्याही घरातून निघून समोर किंवा मागे चालत राहिले, तर थोड्याच वेळात पाय ओले होतात. अशा गावात एखाद्या होडीला महिनोन्‌महिने कोरडे ठेवायचे म्हणजे सोपे काम नव्हे. ते मी एकट्याने केले आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी 18 फुटांची एक जुनी लाकडी होडी विकत घेतली. ‘वर्षातून एकदा खालून खरवडायची आणि तेल लावायचे, दुसरे काही बघायला नको,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. कर्जाच्या कागदावरची बारीक अक्षरे लोकांना वाचून दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने या एका वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

पहिल्या वर्षी होडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणून उपडी केली, तेव्हा तिच्या तळाला पांढऱ्या, धारदार तोंडाच्या बार्नेकलांची वसाहत झालेली दिसली. हे प्राणी दिसतात कालवांसारखे, पण जातीने कोळंबी आणि कुर्ल्यांचे नातेवाईक आहेत. फरक इतकाच, की कोळंबी आणि कुर्ल्या पकडायला माणसाला मागे लागावे लागते आणि हे स्वतःहून चिकटतात. पत्र्याच्या खरवडणीने त्यांचे कवच निघते, पण बुडाची पांढरी चकती लाकडावरच राहते, आणि तीन दिवस घासूनही ती ‘मी इथली मूळ रहिवासी’ अशा थाटात बसून असते. त्या तीन दिवसांत माझ्या बोटांची सालपटे निघाली.

मग तेलाचा प्रश्न आला. आमच्याकडे जुने लोक लाकडाला मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचे तेल लावत, आणि काजूच्या टरफलांचेही तेल लावत. लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्याने दूर राहतो, असे सगळे सांगतात. मोरीच्या तेलाचा डबा पत्नीने उघडू दिला नाही. तो वास येत असेल तर माहेरी जाईन, असे तिने म्हटले नाही. मी होडीत जाऊन राहावे, असे म्हटले. म्हणून मी काजूचे तेल आणले. ते कातडीला लागले तर फोड येतात, हे मला ठाऊक होते आणि म्हणून मी हातमोजे घातले होते. घाम पुसायला तोच मोजा घातलेला हात कपाळावरून फिरवू नये, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. पुढचे आठ दिवस समोरून येणारा प्रत्येक जण आधी कपाळाकडे आणि मग आमच्या घराकडे पाहत असे. काहींनी पत्नीकडे हळूच चौकशीही केली.

इथवरचे सगळे देखभालीत मोडते. माझा खरा घात झाला तो सुधारणेच्या नादाने.

वल्ही मारून खांदे दुखतात, हे कारण पुढे करून मी यंदाच्या मार्चमध्ये होडी पुन्हा खळ्यात ओढली आणि 9.9 अश्वशक्तीचे एक जुने, मागे टांगायचे इंजिन घेतले. त्याला रोज गोड्या पाण्याने धुवायचे असते, एका लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर तेल मोजून घालायचे असते, आणि खाऱ्या पाण्यात मूळ धातू गंजू नये म्हणून एक जस्ताची वडी लावायची असते, जी स्वतः झिजते आणि इंजिनाला वाचवते. दुसऱ्यासाठी निमूटपणे झिजणारे आमच्या घरात आता दोघे झाले, असे मी बोलून गेलो. पत्नीने ते स्वतःविषयी समजून मान डोलावली, आणि मी खुलासा केला नाही.

इंजिन बसवण्याआधी तपासावे म्हणून 200 लिटरच्या पिंपात पाणी भरून त्याच्या काठावरच्या फळीला ते टांगले. दोरी ओढल्यावर सातव्या हिसक्याला ते चालू झाले आणि त्याच्या कडेच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर आली. आतला पाण्याचा पंप ठीक असल्याची ती खूण आहे. इथे थांबायला हवे होते. परंतु पंखा फिरतो की नाही, तेही पाहावे असे मला वाटले आणि मी गिअर टाकला. पंखा फिरला. पिंपातले निम्मे पाणी एखाद्या सणसणीत शिवीसारखे बाहेर आले आणि शेजारच्या काकींनी धुतलेल्या चादरीवर वाळत घातलेल्या आमसुलांवर पडले. ते पाणी काळेकुट्ट आणि तेलकट होते. मे महिन्यात कोकणात माणसाच्या अंगावर पाणी उडवलेले चालते, आमसुलांवर चालत नाही. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चादर उचलली आणि चारी कोपरे जुळवून, मयताच्या घरी वावरावे तशा शांतपणे ती आमच्या पायरीवर आणून ठेवली. यंदाचे आमसूल आम्ही बाजारातून घेतले, दोन्ही घरांचे.

इंजिन होडीला लावायला घेतल्यावर कळले, की मी घेतलेले इंजिन लांब दांड्याचे आहे. आखूड दांड्याला होडीचा मागचा फळा 15 इंच उंच लागतो आणि लांब दांड्याला 20 इंच. माझ्या होडीचा फळा 15 इंचांचा होता. ते तसेच टांगले असते, तर पंखा पाच इंच जास्त खोल गेला असता आणि कर्लीच्या उथळ भागात वाळू नांगरत गेला असता. इंजिन परत करायला गेलो, तर विकणाऱ्याने फळा उंच करण्याचा सल्ला फुकट दिला. त्या संपूर्ण व्यवहारात फुकट मिळालेली ती एकमेव वस्तू.

मग मरीन प्लाय आला, गंज न धरणारे बोल्ट आले आणि मजबुतीसाठी फायबरची चटई आणि रेझिन आले. रेझिनमध्ये घट्ट करणारे द्रव्य किती घालायचे, याचे माप असते. ते थोडेच घालायचे असते, आणि उन्हात त्याहूनही कमी. मी भर दुपारी, काम लवकर उरकावे म्हणून, सढळ हाताने घातले. ब्रश बुडवून फळ्याकडे वळेपर्यंत रेझिनचा मग तापला, धुरकटला, आणि ब्रश त्यात कायमचा उभा राहिला. तो मग अजून आमच्या टीव्हीशेजारी आहे. पाहुण्यांना ते शिल्प वाटते.

“अहो, आपल्या स्वयंपाकघरातला पंखा तीन महिने कुरकुरतोय,” पत्नी म्हणाली, “त्याला गिअर नाही म्हणून तुम्ही हात लावत नाही का?”

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे जुळून आले. फळा उंच झाला, इंजिन बसले आणि रंगही झाला. होड्या बनवणाऱ्या मेस्त्रींना दाखवायला बोलावले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते होडीत वाकले, दोन फळ्यांच्या मधल्या फटीला डोळा लावला आणि त्या फटीतून त्यांना माझी चप्पल दिसली.

“भाऊंनू, लाकडाक तहान लागली हा,” ते म्हणाले.

तीन महिने उन्हात राहून लाकूड आकसले होते आणि सांध्यांतला राळेत भिजवलेला कापूस सैल पडला होता. उपाय सोपा होता. कापूस पुन्हा ठोकून होडीत पाणी भरून ठेवायचे, म्हणजे लाकूड फुगते आणि फटी आपोआप मिटतात. मी नळी लावून होडी भरायला घेतली. जाणारे-येणारे थांबू लागले. “होडी पाण्यात घालूची सोडून पाणी होडयेत कित्याक घालतास?” असे एका आजोबांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते हसत पुढे गेले. पहिले दोन दिवस भरलेले सगळे पाणी खळ्यात आले. चौथ्या दिवशी गळती कमी झाली. सातव्या दिवशी होडीने एक थेंबही सोडला नाही. ती तारीख 1 जून होती.

1 जून ते 31 जुलै या काळात इंजिनाच्या नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो हंगाम असतो आणि दर्याही खवळलेला असतो. वल्ह्यांच्या होड्यांना ही बंदी नसते. म्हणजे जी होडी मार्चपर्यंत कायद्याने बारमाही होती, ती मी घाम गाळून, कपाळ भाजून आणि निवृत्तिवेतनातून पैसे खर्चून दहामाही केली होती.

पाणी काढून टाकले तर लाकूड पुन्हा सुकेल, या धास्तीने मी होडी तशीच भरलेली ठेवली. पाऊस सुरू झाल्यावर भरायचे कष्टही उरले नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आरोग्यसेविका डासांच्या पाहणीसाठी घरोघर फिरत आल्या. त्यांनी आमच्या कुंड्या पाहिल्या, पिंप पाहिले, आणि मग बराच वेळ होडीकडे पाहिले. विजेरीच्या उजेडात आत डासांच्या अळ्या मजेत वरखाली करत होत्या.

“काका, हे पाणी ओतणार का?”

मी लाकडाचे फुगणे, सांधे आणि राळ हे सगळे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, वहीत काहीतरी लिहिले आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून गप्पी मासे आणून होडीत सोडले.

संध्याकाळी मेस्त्री आले, वाकून बघत राहिले. मासे रंगवलेल्या तळावर इकडून तिकडे पळत होते. मागच्या फळ्यावर इंजिन गोणपाटात गुंडाळून टांगलेले होते.

“मासळी घरातच गावता,” मेस्त्री म्हणाले, “मगे ह्या इंजिन कित्याक व्हया?”

पत्नी आतून भाताची चार शिते घेऊन आली आणि तिने ती होडीत टाकली.