चर्नी रोड आणि वीस हजारांचं कुरण

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. इंग्रजांनी १८३८ साली मुंबईत गुरं चारण्यावर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी २०,००० रुपये मोजून ठाकुरद्वारजवळ कुरण घेतलं, गुरं तिथे फुकट चरू लागली, म्हणून ‘चर्नी रोड’. आता स्टेशनचं नाव बदलून ही आठवण पुसणार, अशी शेपटीही त्याला जोडलेली असते.

आधी ‘सर’. ही पदवी त्यांना १८४२ मध्ये मिळाली, म्हणजे १८३८ मध्ये ते नुसतेच जमशेटजी. किरकोळ चूक आहे, सोडून देऊ.

कुरणाच्या दानाबद्दलही माझी तक्रार नाही. अडतं ते ‘म्हणून’ या शब्दापाशी. नाव चरण्यावरून आलं असं मानलं, तरी त्यात जमशेटजी आपोआप येत नाहीत. कुरणाकडे जाणारी वाट एवढ्यावरही ते नाव पडू शकतं, मग कुरण कोणाच्याही मालकीचं असो.

आणि चरण्याचा अर्थ तरी पक्का आहे का? मुंबईच्या रस्त्यांच्या नावांवर सॅम्युअल शेपर्ड यांनी १९१७ मध्ये पुस्तक काढलं. त्यात कुरणाची व्युत्पत्ती आहेच, पण शेजारी दुसरीही आहे. ठाणे स्टेशनजवळच्या चेंदणीतली माणसं गिरगावात येऊन राहिली, वस्तीला त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं आणि चेंदणीचं बोलता बोलता चर्नी झालं. चेंदणी कोळीवाडा आजही ठाण्यात आहे. मला हीच व्युत्पत्ती जास्त पटते, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. शंभर वर्षांपूर्वी शोध घेणाऱ्यालाही दोन्ही शक्यता मांडाव्या लागल्या. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातली एक गुपचूप गाळली.

‘दानाची आठवण म्हणून नाव दिलं’ हे तर अजिबात गळी उतरत नाही. जीजीभॉय घराण्याचा पैसा जिथे लागला, तिथे नाव सरळ लागलं: जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. माहीमच्या कॉजवेसाठी त्यांच्या पत्नी अवाबाईंनी पैसे दिले, तर तिथल्या रस्त्याला लेडी जमशेटजी रोड म्हणतात. इथेच तेवढी गुरांची आडवाट कशाला?

राहिलं नामांतर. चर्नी रोड स्टेशनला ‘गिरगाव’ म्हणण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केला. त्याला विरोध करायचा असेल तर खुशाल करा, पण जमशेटजींच्या खांद्यावर बंदूक ठेवून नको.