हॉर्न वाजतोच हो, पण केव्हा वाजतो?

कॅप्टनसाहेब, नमस्कार.

विमान उतरताना जमिनीपासूनची उंची बोलून दाखवणाऱ्या आणि चाकं बाहेर नसतील तर हाका मारणाऱ्या यंत्रांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलीच झोडपणी केलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं, हे हौशी पैसेवाल्यांचं खेळणं आहे. गिअरचा, म्हणजे चाकांचा, हॉर्न आहे, चाकं लॉक झाली की लागणारे तीन हिरवे दिवे आहेत, चेकलिस्ट आहे. एवढं असून ज्याला चाकं काढायचं सुचत नाही, त्याच्या कानात आणखी एक आवाज घालून काय होणार? आणि जमीन किती खाली आहे हे ज्याला डोळ्यांनी कळत नाही, त्यानं उडूच नये. 'आम्ही पुष्पकवर शिकलो, आम्हाला कुणी तीस-वीस-दहा मोजून दाखवलं नाही,' हे तुमचं वाक्य वाचून मजा वाटली. पुष्पक हे शिकाऊ विमान, त्याची चाकं आत घेताच येत नाहीत साहेब, ती विसरणार कशी?

आधी एक खुलासा. मी ही यंत्रं विकत नाही. माझं काम हँगरमधलं, पाना-पकडीचं. त्यामुळे कॉकपिटमधलं तुमचं ज्ञान माझ्याहून मोठं आहे हे मान्य. पण हॉर्नची तार कुठून कुठे जाते हे मी रोज बघतो, आणि माझा मुद्दा नेमका त्या तारेबद्दलच आहे.

लहान विमानातला गिअरचा हॉर्न जमिनीला ओळखतच नाही. तो ओळखतो थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला. थ्रॉटलच्या दांड्यापाशी एक मायक्रोस्विच असतो, किंवा मॅनिफोल्ड प्रेशरवर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबावर, चालणारा स्विच असतो. थ्रॉटल ठरावीक जागेच्या मागे आला आणि चाकं बाहेर येऊन लॉक झालेली नसली की हॉर्न वाजतो. दुसरा स्विच फ्लॅपवर, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवर, असतो. उतरतानाचे पूर्ण फ्लॅप दिले आणि चाकं आतच असली तरी हॉर्न वाजतो. विमान ५००० फुटांवर आहे की ५ फुटांवर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याची साधी समजूत अशी, की पॉवर कमी केली म्हणजे हा उतरायला निघाला.

ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकते. सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या विमानात तुम्ही विद्यार्थ्याला एक इंजिन बंद पडल्याचा सराव देता तेव्हा काय होतं, ते तुम्हालाच जास्त माहीत. तुम्ही एक थ्रॉटल मागे ओढता, चाकं आत असतात, आणि हॉर्न सुरू. त्या आवाजावर आवाज चढवून तुम्ही 'डेड फूट, डेड इंजिन' (ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं) शिकवता. विद्यार्थी पहिल्यांदा दचकतो, मग सरावतो, आणि पुढे थ्रॉटल बोटभर पुढे सरकवून हॉर्न गप्प करायची युक्तीही त्याला सापडते. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, सराव करताना तेच, उंचावरून झपकन खाली येताना तेच. म्हणजे ज्या आवाजाला घाबरायचं, त्याच्याकडे दुर्लक्ष करायला आपण स्वतःच त्याला शिकवतो, तेही तासाचे पैसे घेऊन.

आता उलटी बाजू. वारा झोंबरा आहे, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटचं उतरताना, विमान थोड्या जास्त पॉवरवर आणलंय, फ्लॅप पूर्ण दिलेले नाहीत. थ्रॉटल स्विचच्या पुढेच आहे. चाकं आत असली तरी हॉर्न गप्प. धावपट्टीवर आल्यावर, फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याच्या, वेळी, तुम्ही थ्रॉटल पूर्ण मागे घेता आणि तेव्हा हॉर्न वाजतो. उंची दहा-बारा फूट. आता वाजून काय उपयोग? पुढच्या क्षणी प्रॉपेलर डांबर खरवडतो. सहसा माणसाला काही होत नाही, पण प्रॉपेलर अचानक अडकला म्हणजे इंजिन उघडून तपासावं लागतं, आणि मग मालक आणि विमा कंपनी यांच्यात जो पत्रव्यवहार सुरू होतो तो इंजिनाच्या आयुष्याहून जास्त टिकतो.

तुमचा प्रश्न होता, 'हॉर्न असून लोक चाकं विसरतात, मग तुमचं यंत्र काय दिवे लावणार?' माझं उत्तर असं, की हॉर्न नको तेव्हा वाजतो म्हणूनच हवा तेव्हा ऐकू येत नाही. एस. टी. स्टँडवर दिवसभर भोंगा चालू असतो. आपल्या गाडीचं नाव पुकारलं तरी आपण शेजाऱ्याला विचारतो, 'काय म्हणाले हो?' फ्रान्समध्ये तुलूजच्या संशोधकांनी सिम्युलेटरमध्ये हेच तपासलं. वैमानिक कठीण वाऱ्यात उतरण्यात गुंतलेले असताना गिअरची धोक्याची घंटा वाजवली, तर बऱ्याच जणांना ती ऐकूच आली नाही. कान शाबूत होते, पण मन दुसरीकडे होतं.

हॉर्नचा आणखी एक दोष म्हणजे तो काही सांगत नाही, नुसता ओरडतो. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजचं ७३७ ग्रीसमध्ये कोसळलं, १२१ माणसं गेली. केबिनमधला हवेचा दाब कमी होतोय हे सांगणारा हॉर्न आणि टेकऑफची मांडणी चुकली हे सांगणारा हॉर्न, दोन्ही एकच आवाज. वैमानिकांनी दुसरा अर्थ घेतला. लहान विमानांत स्टॉलचा भोंगा आणि गिअरचा भोंगा यांच्यातही अशी गल्लत होते. फायनलवर हॉर्न वाजला, 'वेग कमी झाला वाटतं' म्हणून नाक खाली दाबलं, चाकं आतच. 'चेक गिअर' असे दोन शब्द कानावर पडले तर निदान ही गल्लत तरी होत नाही.

तीन हिरव्या दिव्यांबद्दल हँगरमधली एक गोष्ट सांगतो. काही पायपर विमानांत पॅनलचे दिवे चालू केले की गिअरचे हिरवे दिवे मंद होतात, रात्री डोळे दिपू नयेत म्हणून. हेतू चांगला. पण सकाळी अंधारात निघालेला माणूस ते बटण तसंच ठेवून उन्हात उतरतो, आणि त्याला तिन्ही दिवे विझलेले दिसतात. चाकं खाली असून 'चाकं येत नाहीत' म्हणून रेडिओवर धावाधाव. आणि दिवे असे फसवतात हे एकदा मनात बसलं, की खरोखर विझलेला दिवाही 'पुन्हा तेच' म्हणून सोडून दिला जातो.

आता यंत्र नेमकं काय करतं ते बघू. पंखाखालच्या किंवा पोटाखालच्या तपासणीच्या झाकणाच्या जागी छोटा लेझर बसतो. तो इन्फ्रारेड किरणांचे ठोके खाली मारतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण एक फूट जातो. म्हणजे १०० फुटांवरून जाऊन-येऊन सुमारे २०० नॅनोसेकंद. आणि हे मोजमाप थेट चाकांखालच्या जमिनीपर्यंतचं असतं. तुमच्या आल्टिमीटरचं, म्हणजे उंचीच्या काट्याचं, तसं नाही. तो हवेचा दाब मोजतो. टॉवरनं दिलेला दाब लावताना एका हेक्टोपास्कलची चूक झाली की जवळजवळ तीस फुटांचा फरक. शेवटच्या वीस फुटांत तो काही कामाचा नाही, हे तुम्हीही विद्यार्थ्यांना सांगतच असाल.

चाकांसाठी यंत्राचा नियम सोपा आहे. टेकऑफनंतर विमान ठरावीक उंचीच्या वर गेलं की ते जागं होतं. मग खाली येताना, समजा २०० फूट ओलांडले आणि चाकं लॉक नाहीत, तरच बोलतं. ७५ नॉट वेगानं, ३ अंशांच्या उतारावर विमान मिनिटाला साधारण ४०० फूट खाली येतं. म्हणजे २०० फुटांवरून तुमच्याकडे अर्धा मिनिट असतो, १०० फुटांवरून १५ सेकंद, ५० फुटांवरून सात-आठ. मी तर म्हणतो, इशारा आला की चाकं काढायची घाई करूच नये. सरळ गो-अराउंड, वर जाऊन सगळं नव्यानं. पण तो निर्णय घ्यायला अर्धा मिनिट पुरतो. वरती स्टॉल करा, एक इंजिन बंद करा, झपकन खाली या, हे यंत्र तोंडातून शब्द काढत नाही. मला त्याचं कौतुक वाटतं ते या गप्प बसण्याचं. तुम्ही 'बडबड' म्हणालात, पण बडबड करतो तो तुमचा जुना हॉर्न.

म्हणूनच दर लँडिंगला 'चाकं खाली आहेत' असं शाबासकी दिल्यासारखं सांगणारी मांडणी मला आवडत नाही. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य एकशेएकाव्या वेळी कोण ऐकतो? अपवाद एकच, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी विमानं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर स्पाइसजेटनं तसं कोडियाक विमान उतरवून दाखवलं होतं, अनेकांना आठवत असेल. तिथे चाकं बाहेर असणं ही धावपट्टीवर बरोबर गोष्ट आहे आणि पाण्यावर जीवघेणी, कारण चाकं पाण्यात अडकून विमान उलटतं. अशा वेळी यंत्रानं प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगायलाच हवं की चाकं वर आहेत की खाली, आणि ठरवायचं वैमानिकानं.

तुमच्या बाजूचंही बोलतो. २२ मे २०२० ला कराचीत पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचं (पीआयए) ए३२० चाकांविना धावपट्टीवर घासलं, पुन्हा उडालं आणि इंजिनं बंद पडून वस्तीवर कोसळलं. तिथे इशाऱ्यांची कमतरता नव्हती. यंत्रं शब्दांत ओरडत होती आणि वैमानिक ऐकत नव्हते. तुमच्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा नाही, आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. २५ फेब्रुवारी २००९ चा ॲमस्टरडॅमचा अपघातही तुम्ही मांडू शकला असता. टर्किश एअरलाइन्सच्या ७३७ चा डावा रेडिओ आल्टिमीटर, म्हणजे रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र, हवेतच उणे ८ फूट दाखवत होता. त्यामुळे गिअरचा हॉर्न विनाकारण वाजला, वैमानिकांनी तो बाजूला सारला. आणि त्याच चुकीच्या उंचीवर विश्वास ठेवून थ्रॉटल आपोआप हलवणाऱ्या ऑटोथ्रॉटलनं पॉवर काढून घेतली. नऊ माणसं गेली. खोटं बोलणारं उंचीचं यंत्र नसलेल्याहून वाईट, हे मान्य. पण तिथे यंत्राच्या हातात थ्रॉटल होता. लहान विमानातला लेझर फक्त बोलतो. चुकला तर एक चुकीचा आकडा ऐकू येईल, इंजिनाला कुणी हात लावणार नाही. ते तसंच राहावं. पायपरनं १९६७ पासून ॲरो विमानात वेग कमी झाला की चाकं आपोआप बाहेर काढणारी सोय दिली होती, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीनंच ती बंद करायला सांगितली. इंजिन गेल्यावर दूरचं शेत गाठायचं असताना विमानानं स्वतःच्या मनानं चाकं सोडली तर ग्लाइड संपलाच.

पाऊस आणि धुकं लेझरला अडवतात, हा तुमचा आक्षेप बरोबर. अगदी निश्चल पाण्यावरही, विमान जरा तिरकं असलं की किरण आरशावरून गेल्यासारखा भलतीकडे जातो. मोठ्या विमानांचा रेडिओ आल्टिमीटर या बाबतीत सरस, पण तो महाग, जड, आणि त्याला ५जी मोबाइलच्या लहरींची वेगळी डोकेदुखी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं पुणे आणि नागपूर धरून पाच विमानतळांच्या धावपट्ट्यांच्या टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत ५जी चे मनोरे नकोत असं सांगितलं, ते याच्याचसाठी.

आता डोळे. फ्लेअर डोळ्यांनीच करायचा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे, यात वाद नाही. पण डोळा ज्या धावपट्टीवर तयार होतो तिच्या रुंदीला बांधला जातो. ४५ मीटर रुंद पट्टीवर शिकलेला माणूस २३ मीटरच्या पट्टीवर आला की त्याला आपण खूप वर आहोत असं वाटतं. मग तो खाली खाली येतो आणि फ्लेअरला उशीर करतो. उलट झालं की उंचावरच फ्लेअर करून धपकन आदळतो. चढाची पट्टी अरुंद पट्टीसारखीच फसवते, आणि रात्री भोवती दिवे नसले तर विचारूच नका. तुम्ही पुढे एअरबस चालवलीत असं लिहिलंय, म्हणजे 'फिफ्टी, फॉर्टी, थर्टी' तुम्ही ऐकलेलं आहे. तिथे आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधल्या वेळाचं महत्त्व, हे मी तुम्हाला काय सांगायचं? आकडे भराभर आले तर विमान जास्त वेगानं पडतंय, रेंगाळले तर तरंगतंय. हे कळायला मान खाली घालून काट्याकडे बघावं लागत नाही. जे चारशे टनांच्या विमानाच्या कॅप्टनला कमीपणाचं वाटत नाही, ते एक टनाच्या विमानातल्या नवशिक्याला का वाटावं?

शेवटी तुम्ही विचारलंत, क्लबच्या सेस्ना १५२ वर हे बसवावं का. नाही. तिची चाकं कायम बाहेरच, त्यामुळे अर्धं यंत्र फुकट. उरलेलं अर्धं पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडण्याच्या, आधी तर नकोच, कारण त्या वयात डोळा तयार व्हायला हवा, कान नंतर. शिवाय अमेरिकेत २०१६ पासून अशी बंधनकारक नसलेली सुरक्षेची उपकरणं बसवणं सोपं केलंय. आपल्याकडे व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानाला मंजुरीशिवाय एक भोकही पाडता येत नाही, आणि त्या कागदांचा खर्च यंत्राहून जास्त व्हायची शक्यता.

सेनेकाचं मात्र वेगळं. तिच्यासाठी यंत्र घ्यायचं की नाही ते पुढे ठरवा, पण पुढच्या तपासणीत ती जॅकवर चढली असेल तेव्हा तुमच्या इंजिनिअरला एवढंच विचारा, की दोन्ही थ्रॉटलचे गिअर स्विच नेमके कुठे वाजतात. दांड्यांची जोडणी झिजते, स्विच सरकतो, आणि एक बाजू दुसरीहून बरीच उशिरा वाजते. ते जुळवायला एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास लागतो.