कपाटाची किल्ली कुणाकडे?

देवगडकडच्या आमच्या गावच्या शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, त्यावर सध्या नुसती जुंपलीय. मुंबईकरांनी वर्गणी काढून शाळेला स्मार्ट टीव्ही द्यायचं ठरवलंय आणि जागा हवी म्हणून पुस्तकांचं कपाट पडवीत काढणार म्हणे. "आता पुस्तकं वाचतंय कोण?" असं एकाने टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग.

अरे, वाचणार कसं? कपाटाला कुलूप! पुस्तक हरवलं तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, कमी दिसणार आणि भुर्दंड गुरुजींना, म्हणून आमच्या वेळी किल्ली त्यांच्या खिशात. तपासणी आली की आम्ही पोरं पुस्तकं उन्हात घालायचो, पावसाळ्याने पानं चिकटलेली, डांबरगोळ्यांचा वास, कसर झटकायची आणि परत आत, त्यात उभ्या उभ्या जे वाचून झालं तेच आमचं अवांतर वाचन. आता १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोपुरतं कपाट उघडतात, एवढाच फरक.

इथे इंग्लंडात, लेस्टरला, माझी मुलगी इयर टूमध्ये, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात आहे. शुक्रवारी बुक बॅगेतून दोन पुस्तकं येतात, एक तिच्या बँडचं, म्हणजे वाचनाच्या पातळीचं, दुसरं तिला हवं ते. पहिल्याने वाचायला येतं, दुसऱ्याने चटक लागते. रीडिंग रेकॉर्डवर, म्हणजे वाचनाच्या वहीत, आमची सही नसली तर सोमवारी टीए, म्हणजे वर्गातली मदतनीस बाई, विचारते, पण पुस्तकावर बीन्स सांडल्या तर कुणी काही बोलत नाही.

लगेच म्हणाल, तिकडे सगळं चांगलंच. तसं नाही हां. इंग्लंडात तुरुंगात लायब्ररी हवी असा नियम आहे, शाळेत हवीच असा कायदा नाही. आपल्या २००९ च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मात्र प्रत्येक शाळेत ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा, असं लिहिलेलं आहे. इथला पब्लिक लायब्ररीचा पहिला कायदा १८५० चा, आपलं रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. हे मी इथे ऑफिसात छाती फुगवून सांगतो. पोरांच्या हातात पुस्तक पडतं का, ते कुणी विचारत नाही म्हणून बरं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर, "थय बसान बोलूक तुझा काय जाता?" झोंबलं. पण वर्गणीच्या यादीत न विचारता माझं नाव होतं, तेही मुंबईकरांत, आणि ते बघून इतकं बरं वाटलं की बायकोला दाखवलं.

तर पैसे देतो, पण टीव्हीला नाही. शुक्रवारी कपाट उघडा, नावं लिहायला सातवीतली दोन पोरं बसवा, पुस्तकं घरी जाऊ देत. फाटली, हरवली तर भरपाई माझ्याकडून, गुरुजींना तसं लिहून देतो.