अर्ध्या तासात होणारं बर्ड फीडर

‘रिकाम्या बाटलीपासून अर्ध्या तासात बर्ड फीडर’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे तो अर्धा तास नेमका कोणाचा, हे सांगितलेलं नसतं. माझ्या हिशेबाने तो बाटलीवरचं लेबल खरवडण्यातच संपतो.

साहित्य तसं गरिबाचं. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, वीतभर लांबीचे दोन लाकडी चमचे, सुतळी आणि दाणे. बाटली धुऊन पूर्ण वाळवायची. हा ‘पूर्ण’ शब्द मुलांना मान्य नसतो. पण आत चार थेंब राहिले तरी दाणे चिकटतात, त्यांना बुरशी धरते, आणि बुरशीच्या दाण्यांनी पाखरं आजारी पडतात. बाटली वाळेपर्यंत मुलांचं काय करायचं, हे मात्र कोणत्याही कृतीत दिलेलं नसतं.

मग भोकं. हे काम मोठ्या माणसाचं, आणि ‘मी करू? मी करू?’ हा गजर सगळ्यात मोठा नेमका याच वेळी होतो. रिकामी बाटली दाबली की चेपते, खिळा घसरतो आणि बाटली धरलेल्या बोटाकडे धाव घेतो. झाकण घट्ट लावलं की आतल्या हवेमुळे बाटली ताठ राहते. पहिलं भोक पडेपर्यंतच, पण तेवढाही दिलासा पुष्कळ. पुढची भोकं पकडीत धरलेल्या तापलेल्या खिळ्याने पाडावीत, खिडकी उघडी ठेवून.

बुडापासून ५ सेंमी वर समोरासमोर दोन भोकं पाडून पहिला चमचा आरपार घालायचा. दुसरा त्याच्या ७-८ सेंमी वर, काटकोनात. चमच्याचं खोलगट टोक बाहेर ठेवायचं आणि त्याच्या थोडं वर दाणे बाहेर येण्याचं भोक करायचं. नुसत्या काडीपेक्षा चमचा बरा, कारण सांडणारे दाणे त्याच्या खळग्यात थांबतात. भोकाचं माप सांभाळायचं: बाजरीला ५-६ मिमी, सूर्यफुलाच्या बियांना सेंटीमीटरभर. ‘पाखराला सोपं पडावं’ म्हणून मुलांनी भोक मोठं करायला लावलं, तर बाटली पाखराची वाट न बघता स्वतःच रिकामी होते. शेवटी बुडाला जाड सुईने चार-पाच छिद्रं, आत गेलेलं पाणी निथळायला. ही विसरली की पहिल्याच पावसात आत खीर होते.

सुतळी बाटलीच्या गळ्याला, झाकणाखालच्या कड्याच्या खाली बांधायची. झाकणालाच भोक पाडून टांगणाऱ्यांना दाणे पुन्हा भरताना आपली चूक कळते. बारीक नायलॉनचा दोरा नको, त्यात पाखरांचे पाय अडकतात.

सजावट हा स्वतंत्र विषय आहे. चमकी, मणी, चिकटवलेले डोळे या सगळ्याला नकार द्यावा लागतो, कारण सुटून आलेली वस्तू पाखरू चोचीने उचलून बघतं. पाण्यात मिसळणारा रंग बाहेरून, फक्त वरच्या अर्ध्या भागाला लावायला द्यावा. खालून दाणे दिसले पाहिजेत. पाखरांनाही आणि ते संपलेत का हे बघणाऱ्यालाही.

आता जेवणाचा बेत. मुलं आपल्याला आवडेल तेच सुचवतात: बिस्किटं, वेफर्स, पाव. मीठ पाखरांना बाधतं आणि पावाने पोट भरतं पण पोषण मिळत नाही. साधी बाजरी उत्तम. कच्च्या तांदळाने पाखराचं पोट फुटतं ही मात्र अफवा आहे; तांदूळ खुशाल घाला.

टांगायची जागा काचेपासून एक मीटरच्या आत, नाहीतर चांगली दहा मीटर दूर. जवळ असली तर दचकून उडालेल्या पाखराला जोरात आपटण्याइतका वेग मिळत नाही. मधल्या अंतरावर तो पुरेपूर मिळतो. खाली मांजराला दबा धरता येईल असं झुडूपही नको.

मग सुरू होते प्रतीक्षा. पाखरांना नव्या वस्तूची भीड चेपायला कधी चार दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे. मुलांची मुदत पाच मिनिटांची. दर मिनिटाला खिडकी उघडून ‘आलं का?’ असं विचारलं जातं, त्यामुळे येणारंही येत नाही. पहिल्या पाहुण्या मुंग्या. त्यांना अडवायला सुतळीला तेल किंवा ग्रीस फासू नये, ते पिसांना चिकटतं. त्याऐवजी बाटलीच्या वर, सुतळीवरच पाण्याची छोटी वाटी अडकवावी, म्हणजे मुंग्यांची वाट पाण्यात अडते. दुसरी खार, आणि तिच्यावर मला तरी इलाज ठाऊक नाही. तिसरं कबूतर. ते चमच्यावर मावत नाही, पण प्रयत्न सोडत नाही, आणि बाटली भोवऱ्यासारखी फिरते.

दर दोन आठवड्यांनी बाटली उतरवून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांनी धुऊन, खळखळून विसळून, पुन्हा पूर्ण वाळवायची. ‘मी करू?’ असं या वेळी कोणीही विचारत नाही.

शेवटी चिमण्या येतात. त्यांचा जन्मजात कल जमिनीवर टिपण्याकडे असल्याने रंगवलेल्या बाटलीकडे, मोजून बसवलेल्या चमच्यांकडे न बघता त्या थेट खाली उतरतात आणि कबुतराने सांडलेली बाजरी वेचू लागतात. मुलं विचारतात, ‘मग खाली ताटलीच का नाही ठेवली?’